लांब घोड्यावरचे सात जण

९ ऑक्टोबर २०२३, सोमवार. त्या सकाळी भागीने माझ्याकडे तीन हजार चारशे पन्नास रुपये मागितले.

भागी बोईसरला आमच्या सोसायटीचे जिने आणि आवार झाडते. मी सोसायटीचा खजिनदार, त्यामुळे तिचा पगार माझ्या हातून जातो. पण इतक्या वर्षांत तिने पगाराआधी कधी पैसे मागितल्याचे मला आठवत नव्हते. एकदा तिचा पाय मुरगळला तेव्हा आम्हीच औषधाला दोनशे रुपये पुढे केले, तर ‘पगारातनं कापा’ म्हणून तीनदा आठवण केली. अशी बाई दारात उभी राहून पैसे मागते आहे म्हटल्यावर माझी पत्नी नर्मदाही स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“आमचा चिरा हलवायचा हाय,” भागी म्हणाली. “शनवारी आवस. त्या दिवशी नाय हलवला तर मातीखाली जाईल.”

“चिरा म्हणजे?” नर्मदाने विचारले. आम्ही परभणीकडचे. इथे येऊन तीस वर्षे झाली, तरी स्टेशन, कारखाने आणि बाजार यांच्यापलीकडचे आम्हाला फार थोडे ठाऊक.

“मेलेल्या माणसाचा दगड, वयनी. घरातलं माणूस गेलं का आमी दगड घडवून बसवतो. तिथं त्याला बसायला जागा होते. नायतर फिरत राहतो.”

“मग हा कोणाचा? तुझ्या वडिलांचा?”

“नाय. हा गाडीवाल्यांचा हाय. सात जण हायेत.”

नर्मदाने तिला आत बसवले, चहा दिला, आणि पुढचा अर्धा तास आम्ही भागीकडून जे ऐकले ते असे.

पालघर आणि सफाळे यांच्या मधल्या पट्ट्यात, रुळांच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी तिचा पाडा आहे, करंजपाडा. तिच्या आज्याचा बाप लखमा तिथे डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर भात आणि नाचणी करायचा. राणीच्या राज्यात, रेल्वे सुरू होऊन थोडीच वर्षे झाली असताना, एका श्रावणात ओहोळाला पूर आला आणि रुळाखालची मोरी वाहून गेली. वरचे रूळ तसेच लोंबकळत राहिले. गाडी आली आणि इंजिन व मागचे डबे ओहोळात उतरले. पहाटे पाड्यावरची माणसे तिथे पोचली, तेव्हा बरेच मेले होते, काही मरत होते. लखमाने जे जिवंत सापडले त्यांना ओंजळीने पाणी पाजले. पुढे मुंबईहून माणसे आली. साहेबांची मढी नेली, ज्यांचे नातेवाईक आले ती मढी त्यांनी नेली. सात उरली. ती सातही लखमाच्या हातचे पाणी पिऊन गेलेली.

“आमच्यात मरताना ज्यानं पाणी पाजलं त्याची ती माणसं,” भागी म्हणाली. “मग लखमाबाबानं त्यांना रुळाच्या पलीकडं पुरलं आणि चिरा बसवला. तवापासनं पितरांच्या आवसेला नव्या भाताचा पयला घास त्यांना. मग आमी खायचं.”

शेजारची अपेक्षा कॉलेजात इतिहास शिकते. तिने त्या आठवड्यात मोबाइलवर शोधून एका जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रातली बातमी काढली. तीत इंजिनवरच्या गोऱ्या ड्रायव्हरचे नाव होते, एका साहेबाच्या पत्नीचे होते, आणि शेवटी ‘काही देशी उतारू’ एवढेच. भागीने झाडू भिंतीला टेकवून सगळी बातमी ऐकून घेतली आणि विचारले, “आमचं कोण हाय यात?” अपेक्षाने मान हलवली. “मग राहू दे,” म्हणून भागीने झाडू उचलला.

आता रुळांच्या पश्चिमेला आणखी रूळ पडायचे होते. त्यासाठी भराव येत येत चिऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आला होता. तिथला सुपरवायझर भला माणूस निघाला. ‘दसऱ्यापर्यंत थांबवतो, पुढे माझ्या हातात नाही,’ असे त्याने सांगितले होते. भागीने आपल्या शेताच्या बांधावर मोहाच्या झाडाखाली जागाही साफ केली होती. दोन कोंबडे, नारळ, ताडी, ढोलवाला आणि पाड्याचे जेवण, यांचा तिने घातलेला हिशेब म्हणजे ते तीन हजार चारशे पन्नास. पैसे मी माझ्या खात्यातून दिले. पण ती उठेना.

“आणखी काय?” मी विचारले.

“भगताचं म्हणणं हाय, हलवताना पाणी लखमाच्या वंशातल्या बाप्यानं घालायला पायजे. मी लग्न होऊन गेल्याली. मी घातलं तर ते उठायचे नायेत.” तिने पदराने कपबशी पुसली, जणू ती तिचीच होती. “बाबा मेल्यापासनं दर वर्साला मीच पानं मांडली. तवा कोणी नाय बोललं का तू गेल्याली हायेस म्हणून. खाल्लं गुमान.”

बाप्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ अंकुश. बाप झिपरू वारल्यावर अंकुशने चिऱ्याकडे पाठ फिरवली होती. तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला होता आणि बोईसरलाच खोली करून राहत होता. बहिणीशी बोलणे होते, पण हा विषय निघाला की उठून जायचा.

“भाऊ, तुमी एकदा बोला,” भागी मला म्हणाली. “तुमच्यासमोर तो उठून जायचा नाय. लाजंल.”

अंकुश लाजला नाही. बुधवारी संध्याकाळी त्याच्या कंपनीच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर मी त्याला गाठला. पन्नाशीच्या आतला, काटक, दाढी नीट केलेला माणूस. मी नाव सांगताच हसला.

“तुमी भागीचे साहेब. तिनं धाडलं. बसा, चहा घ्या. चहा माजा, बोलणं तुमचं.”

मी जमेल तसे सांगितले. तो बशीत चहा ओतून शांतपणे पीत राहिला. मग म्हणाला, “साहेब, तुमी तो चिरा बघितलाय?”

“नाही.”

“बघा एकदा. बाकीच्या चिऱ्यांवर घोड्यावर बसलेला एक माणूस असतो, वर चांद-सूर्य. तेव्हाच्या घडवणाऱ्यानं गाडी जवळनं बघितली नव्हती. त्याला सांगितलं, एकाच वाहनात एकामागं एक सात जण बसले होते. तर त्यानं एक घोडा काढला, पडवळासारखा लांब. वर सात माणसं. आणि मावतील तेवढे पाय.” तो पुन्हा हसला, पण लगेच थांबला. “लहानपणी मला त्या घोड्याचा राग यायचा. एवढी माणसं बसवून आमच्या दारात आणली म्हणून.”

टपरीवर आणखी दोन कामगार हिंदीत कुठल्याशा ओव्हरटाइमवरून वाद घालत होते. अंकुश आवाज न चढवता बोलत राहिला.

“भादव्यात आमच्या घरात भात नसायचा. कंद उकडून खायचे, नायतर नाचणीची पातळ आंबील. हळवा भात कापला का आय पयला भात शिजवायची. त्याचा वास अजून नाकात हाय. बाबा पानं घ्यायचा, सात. आमी घरात पाच माणसं. मोठं कुटुंब कोणाचं, तुमीच सांगा. त्यांच्या पानावर वाढताना बाबाचा हात आखडायचा नाय. आमच्या ताटात आखडायचा.”

त्याने उरलेला चहा बशीत ओतला.

“एकदा मी इचारलं, बाबा, हे आपले कोण? तो बोलला, पावणे. साहेब, पावणा किती दिवस राहतो?” त्याने बशी खाली ठेवली. “आणि दिवाळी झाली का वीटभट्टीला जायचो आमी, पार भिवंडीकडं. तिथं कोणी आमचा पावणचार केला? भट्टीवर माजी धाकटी बहीण गेली. तिचा चिरा नाय बसला. पैसे नव्हते. सात परक्यांचा हाय, तिचा नाय.”

हे भागीने सांगितले नव्हते. मी विचारले, “तिचं नाव काय?”

“मंदा,” तो म्हणाला आणि उठला. “शनवारी माजी दुसरी पाळी हाय. भागीला सांगा, दगड हाय तो. मातीत गेला तर मातीतच गेला.”

दुसऱ्या दिवशी भागी जिना पुसत असताना मी तिला हे सगळे सांगितले. मंदाचे नाव निघाले तेव्हा तिचे हात थांबले. मग पुन्हा सुरू झाले.

“खोटं नाय बोलला,” ती म्हणाली. “भूक मलापण लागायची. पण भाऊ, मंदीला पुरलं तिथं आता काय हाय कोणाला म्हाईत. भट्टी उठली, बिल्डिंगा झाल्या. तिला बसायला दगड नाय. म्हणून यांचापण घालवायचा का?”

शनिवारी मला सुट्टी होती. सकाळच्या गाडीने मी भागीबरोबर गेलो. तिची मुलगी सपना सफाळ्याहून थेट पाड्यावर आली होती. पूर्वी पाड्यावरून रूळ ओलांडला की चिरा, एवढेच अंतर होते. आता दोन्ही बाजूंनी भिंत घातली आहे. त्यामुळे रस्त्याने पार पुढे जाऊन, रुळांखालच्या बोगद्यातून वळसा घालून, पाच-सहा किलोमीटर चालून आम्ही पलीकडे पोचलो. ढोलवाला, पाड्यावरची तीन म्हातारी माणसे आणि भगत नामदेव, असे आमचे लोक होते. तरणी पोरे सगळी कारखान्यांत किंवा भात कापायला गेलेली.

चिरा कमरेइतका होता. अंकुशने सांगितले होते तसाच लांब घोडा, पाय मोजावेत तर प्रत्येक वेळी वेगळे भरत होते. सात माणसांना नाक-डोळे नव्हते, पण प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर होता. त्यांच्यामागे पिवळे मशीन बंद उभे होते आणि सुपरवायझर छत्री घेऊन सावलीत बसला होता.

“साडेतीनपर्यंत बघा काका, मग मशीन चालू करावं लागेल,” तो मला म्हणाला. मला तो मुख्य माणूस समजला असावा.

भागीने तांब्या भरून ठेवला आणि रस्त्याकडे बघत बसली. नामदेव विडी ओढत होता. अकरा वाजले, साडेअकरा वाजले.

“भागे, येतो का तुजा भाऊस?” नामदेवने विचारले.

“येईल.”

“त्यानं सांगितलं तसं?”

“नाय सांगितलं. येईल.”

बारा वाजून गेल्यावर ती उठली, तांब्या घेतला आणि दगडावर स्वतःच पाण्याची धार धरली. नामदेव तिला अडवायला गेला नाही. त्याने मूठभर तांदूळ जमिनीवर टाकले आणि दोन-दोन करून वेगळे केले. जोड्या जमल्या तर हो, एक दाणा उरला तर नाही, अशी त्यांची विचारण्याची रीत. एक दाणा उरला. पुन्हा टाकले, पुन्हा उरला.

“मी काय करू?” तो म्हणाला. “मी नाय बोलत. ते बोलतात.”

“इतकी वर्सं माजं खाल्लं,” भागी दगडाला म्हणाली, “आणि आता मी परकी?”

सपना तिला धरून बाजूला नेत होती, तेवढ्यात कच्च्या रस्त्याने एक टेम्पो धूळ उडवत आला. पुढे ड्रायव्हरशेजारी कंपनीच्या निळ्या गणवेशात अंकुश होता. तो उडी मारून उतरला.

“चला, उचला. अडीचला मला फाटकावर पायजे. हा वरपर्यंत नेऊन सोडतो आणि मी जातो.”

भागी त्याच्याकडे बघत राहिली. म्हातारे मात्र हलले नाहीत. नामदेवने विडी विझवली.

“अंकुश, ही माणसं कशानं मेली?”

“गाडीनं.”

“मग तू त्यांना घालतोस कशात?”

अंकुशने टेम्पोकडे बघितले, दगडाकडे बघितले. हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. खरे म्हणजे नामदेव सोडला तर आमच्यापैकी कोणाच्याच आले नव्हते. चिरा खांद्यावरून चालतच न्यायचा असतो हे पाड्यात सगळ्यांनी गृहीत धरलेले, आणि भिंत झाल्यापासून वाट किती लांबली हे मला सकाळी चालताना कळलेले. म्हाताऱ्यांच्या खांद्यावरून तो दगड बोगद्यापर्यंतसुद्धा पोचला नसता.

“जल्दी करो भाई,” टेम्पोवाला म्हणाला, “मेरा दूसरा भाड़ा है.”

अंकुशने त्याला हाताने थांबवले. मग तो चिऱ्यासमोर उकिडवा बसला. मला वाटले, हात जोडेल. त्याने बोट रोखले.

“ऐका. मी झिपरूचा पोर. मला वळखता तुमी. मी पानं घेऊन मागं मागं यायचो आणि तुमी खायचात. मी कधी एक शीत उचललं नाय. उचललं असतं तर बाबानं मारलं असतं.” त्याचे बोट तसेच रोखलेले होते. “माजी बहीण वीटभट्टीवर मेली. तिथल्या मातीत हाय. तिला पाणी पाजायला तुमाला भेटलं तसं कोणी भेटलं का मला म्हाईत नाय. मी तिथं नव्हतो. आता ही भागी तुमच्यासाठी रडते. तुमाला गाडीचं भय वाटतं, ते मला कळतं. पण चालत न्यायला माणसं नायेत. तर गाडीत बसायचं. भाडं मी देतो, सात जणांचं.”

“इचार,” भागी नामदेवला हळूच म्हणाली.

नामदेवने तांदूळ टाकले. एक दाणा उरला.

अंकुश त्या दाण्याकडे बघत राहिला. “बरं,” तो म्हणाला. “मी पुढं नाय बसत. मागं बसतो तुमच्यासंगं. काय झालं तर मलापण होईल.”

नामदेवने पुन्हा तांदूळ टाकले. जोड्या लावता लावता त्याचा हात मंदावला. सगळ्या जोड्या जमल्या. ढोलवाल्याने कोणी न सांगता ढोल वाजवला.

अंकुशने तांब्या घेऊन पाणी घातले. कुदळीने माती सैल करून सगळ्यांनी मिळून दगड वर घेतला, त्यात सुपरवायझरने छत्री ठेवून एक कोपरा धरला. टेम्पोत भाताचा पेंढा पसरला होता. चिरा आडवा ठेवला आणि अंकुश निळ्या गणवेशासकट पेंढ्यावर त्याच्याशेजारी बसला. भागी मागे चढायला गेली, तर तो म्हणाला, “तू पुढं बस. गाडी लागते तुला.” मग ती आणि मी पुढे बसलो. बाकीचे चालत निघाले.

ड्रायव्हरला सावकाश चालवायला सांगितले होते. तो कुरकुरत का होईना, सावकाश चालवत होता. बोगद्यात शिरतानाच वरून एक लांबची गाडी धडधडत गेली. आतला आवाज छातीत शिरत होता. भागीने मान वळवून मागच्या जाळीतून पाहिले, म्हणून मीही पाहिले. अंकुश चिऱ्यावर वाकला होता आणि त्याने दोन्ही तळवे घोड्यावरच्या माणसांवर ठेवले होते. गाडी पूर्ण जाईपर्यंत त्याने ते काढले नाहीत.

मोहाखाली चिरा बसला तेव्हा चार वाजून गेले होते. अंकुशच्या कंपनीतून दोनदा फोन आला, त्याने घेतला नाही. भागीने पाने मांडली आणि भाताचे टोपले त्याच्यापुढे सरकवले. तो वाढू लागला.

“जरा कमी,” भागी म्हणाली. “पाड्याचं जेवण व्हायचं हाय.”

“वाढू दे.”

सात पाने झाल्यावर तो थांबला. मग त्याने आठवे पान घेऊन बाजूला मांडले आणि त्यावर भात वाढला. भागीने काही विचारले नाही. तिने पानाची देठाकडची बाजू तेवढी नीट फिरवली. नामदेव म्हणाला, “हिचा दगड पुढच्या वर्साला बसवा. तोपर्यंत ही यांच्यासंगं बसेल. घोडा लांब हाय.”

त्या पंगतीत मीही नव्या भाताचे जेवलो. परत निघताना अंकुश टेम्पोवाल्याशी हिशेब करत होता. साडेसहाशे ठरले होते. त्याच्याकडे पाचशेची एक नोट होती. टेम्पोवाला थांबायला तयार नव्हता, म्हणून वरचे मी दिले.

त्या गैरहजेरीनंतर ठेकेदाराने अंकुशला कामावर घेतले नाही. तो उंबरगावकडे गेला आणि तिथे लागला. पुढच्या पितरांच्या अमावास्येला मात्र तो दोन दिवस आधी आला. मोहाखाली आता दोन चिरे आहेत. दुसरा लहान आहे आणि त्याच्यावर घोडा नाही. मंदाला चालायला आवडायचे, असे भागीने घडवणाऱ्याला सांगितले होते.

भागीने माझे तीन हजार चारशे पन्नास रुपये २०२४ च्या जानेवारीच्या पगारापर्यंतच फेडले होते. ती अजून जिने झाडते. येत्या मार्चला मी नोकरीतून निवृत्त होईन, तेव्हा सोसायटीचे कामही दुसऱ्याकडे देईन. म्हणून मागच्या महिन्यात अंकुशशी फोनवर बोललो आणि टेम्पोचे पैसे राहू दे म्हणालो.

“नको साहेब,” तो म्हणाला. “भाडं मी देणार म्हणून त्यांना बोललोय. तुमी दिलं तर ते तुमचं होईल.”

अंकुशकडून दीडशे रुपये येणे आहे.